आरोग्यचिंतन : वर्षांचा आजार आणि मिनिटांचा आजार

भोर आणि वेल्हे भागातील बाजारपेठांत किराणा, कापड, भुसार आणि सोने-चांदीची दुकाने उभी करणारी पिढी आता साठी-सत्तरीत पोहोचली आहे. या पिढीतील पुरुषांना आरोग्याविषयी जे प्रश्न पडतात, त्यांत दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला प्रश्न प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी वाढल्याचा. तो संकोचामुळे वर्षानुवर्षे कोणाला सांगितला जात नाही. दुसरा प्रश्न हृदय अचानक बंद पडण्याचा. तो विचारला जातो, पण बहुधा ओळखीतील एखादा माणूस गेल्यानंतर.

वरवर पाहता या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध नाही. एक आजार वर्षांच्या गतीने चालतो, तर दुसऱ्याचा निकाल मिनिटांत लागतो. परंतु दोन्ही एकाच वयाच्या, बऱ्याचदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. एकावरील औषध किंवा शस्त्रक्रिया दुसऱ्याचा विचार न करता ठरविली, तर त्यातून खरा धोका उद्भवतो. म्हणून या वेळच्या लेखात या दोन्ही विषयांवरील नेहमीच्या प्रश्नांचा एकत्र विचार केला आहे. येथील माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. डॉक्टरांसमोर बसताना काय विचारावे आणि काय सांगावे, हे कळावे, एवढाच तिचा हेतू आहे.

प्रश्न : प्रोस्टेट वाढते म्हणजे नेमके काय होते?

ही ग्रंथी केवळ पुरुषांत असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून ती बसलेली असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे २० ग्रॅम असते. वय वाढते तशी ती हळूहळू वाढते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुसंख्य पुरुषांत ही वाढ आढळते. म्हणजे केस पांढरे होण्यासारखाच हा वयाचा एक भाग आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही.

ग्रंथी वाढली की मधून जाणारी मूत्रनलिका दाबली जाते. मग लघवीची धार बारीक होते, ती सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच थांबते, शेवटी थेंब थेंब येत राहते आणि मूत्राशय रिकामे झाल्याचे समाधान मिळत नाही. रात्री दोन-तीन वेळा उठावे लागते. आपल्या आयुर्वेदाचार्यांनाही ही पीडा अपरिचित नव्हती. सुश्रुतांनी मूत्राघाताच्या प्रकारांत वर्णिलेली वाताष्ठीला ही अवस्था या विकाराशी जुळणारी मानली जाते.

प्रश्न : ही वाढ म्हणजे कर्करोगाची सुरुवात असते का?

नाही. वयोमानाने होणारी ही वाढ सौम्य असते व तिचे कर्करोगात रूपांतर होत नाही. मात्र एकाच ग्रंथीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. म्हणून डॉक्टर बोटाने तपासणी करतात आणि पीएसए ही रक्ततपासणी सांगतात. पीएसए वाढलेला दिसला म्हणजे कर्करोग झालाच, असे नसते. साधी वाढ, संसर्ग किंवा नुकतीच घातलेली लघवीची नळी यांमुळेही तो आकडा चढतो. एका अहवालाने घाबरून जाऊ नये आणि एका चांगल्या अहवालाने कायमचे निश्चिंतही होऊ नये.

या बाबतीत संकोच किती सार्वत्रिक आहे आणि तो किती सहज मोडतो, याचे एक उदाहरण अलीकडचे आहे. १७ जानेवारी २०२४ रोजी इंग्लंडचे राजे चार्ल्स यांच्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचे राजवाड्याने जाहीर केले. त्यानंतर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या विकाराची माहिती वाचणाऱ्यांची संख्या एका दिवसात कित्येक पटींनी वाढली. एका राजाने आपले दुखणे उघडपणे सांगितले, तेव्हा हजारो सामान्य माणसांना आपले दुखणे वाचण्याचा तरी धीर आला. भोरच्या एखाद्या दुकानातील वडीलधाऱ्याने मुलाला एवढे सांगितले, तरी त्या घरापुरता तोच परिणाम होईल.

प्रश्न : त्रास किती असला म्हणजे उपचार घ्यावा?

यासाठी जगभर सात प्रश्नांची एक गुणपत्रिका वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, म्हणजे एकूण ३५. सातपर्यंत गुण आले तर त्रास सौम्य, आठ ते एकोणीस आले तर मध्यम आणि वीस किंवा अधिक आले तर तीव्र समजला जातो. सौम्य त्रासात बहुधा केवळ लक्ष ठेवणे आणि सवयी बदलणे पुरते. त्यापुढे लघवीची तपासणी, मूत्रपिंडाचे काम दाखविणारी क्रिएटिनिन तपासणी, सोनोग्राफी आणि लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी उरते याचे मोजमाप केले जाते.

काही लक्षणांत मात्र गुणपत्रिकेची वाट पाहू नये. लघवीतून रक्त येणे, थंडी वाजून ताप येणे आणि लघवी पूर्ण अडणे ही ती लक्षणे होत. लघवी अडून ओटीपोट फुगले आणि वेदना असह्य झाल्या, तर ती तातडीची अवस्था आहे. अशा वेळी तडक पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघण्याचा आग्रह न धरता जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात जावे. नळी घालून मूत्राशय मोकळे करणे हे तेथेच होऊ शकते. पुढील तपासण्या नंतर शांतपणे करता येतात.

प्रश्न : दुकानदारीच्या सवयींचा यात काही भाग असतो का?

असतो. गिऱ्हाईक समोर असताना लघवी रोखून धरण्याची सवय अनेकांना लागलेली असते. वाढलेल्या ग्रंथीच्या माणसाने फार वेळ लघवी रोखली, तर मूत्राशय ताणले जाते व एकाएकी लघवी अडू शकते. गादी सोडायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणे हेही चुकीचे आहे. त्यामुळे लघवी घट्ट होते आणि संसर्ग व खडे यांना वाव मिळतो. दिवसा पुरेसे पाणी, दर तीन-चार तासांनी लघवी आणि सायंकाळनंतर चहा-कॉफी बंद, एवढा नियम पुष्कळांना उपयोगी पडतो.

सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांना रात्री कमी वेळा उठावे लागण्यास या नियमाची मदतच होते. मात्र त्यांनी दिवसाचे पाणी दिवसाच पूर्ण करावे आणि औषधांची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. टॅम्सुलोसिनसारखे औषध रोज ठराविक जेवणानंतर घ्यावयाचे असते. ते सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाशी जोडता येते. पर्युषणातील उपवासाच्या दिवसांत जेवणच नसेल, तर औषध चालू ठेवावे की कसे, हे आधी विचारून घ्यावे. उपवासाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना ही औषधे रक्तदाब अधिक उतरवितात.

प्रश्न : औषधे कोणती आणि ती किती दिवस घ्यावी लागतात?

मुख्य प्रकार दोन. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही औषधे मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. त्यांचा गुण काही दिवसांत दिसतो, परंतु ग्रंथी लहान होत नाही. फिनास्टेराइड व ड्युटास्टेराइड ही औषधे ग्रंथी आक्रसवितात. त्यांचा पूर्ण गुण दिसायला सहा महिने लागतात. ती घेणाऱ्याच्या पीएसएचा आकडा सुमारे निम्मा होतो. हे ठाऊक नसलेल्या डॉक्टरांनी अहवाल पाहिला, तर वाढलेला आकडाही त्यांना ठीक वाटू शकतो. म्हणून ही औषधे चालू असल्याचे प्रत्येक वेळी सांगावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याच्या डोळ्यातील बाहुलीभोवतीचा पडदा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडू शकतो. नेत्रतज्ज्ञांना आधी कल्पना असेल, तर ते तशी तयारी ठेवतात. तसेच सर्दीची काही औषधे लघवी अडवू शकतात. औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी स्वतःहून मागून घेण्याआधी प्रोस्टेटचा त्रास असल्याचे सांगावे.

सॉ पामेटो या वनस्पतीच्या गोळ्यांची जाहिरात पुष्कळ होते. २००६ साली अमेरिकेत २२५ पुरुषांवर वर्षभर झालेल्या काटेकोर अभ्यासात त्या गोळ्या आणि औषधविरहित गोळ्या यांच्या गुणात फरक आढळला नाही. घरगुती किंवा वनौषधी घ्यावयाची असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रश्न : शस्त्रक्रिया केव्हा आणि कोणती?

औषधांनी भागत नसेल, लघवी वारंवार अडत असेल, मूत्राशयात खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडावर ताण येऊ लागला असेल, तर शस्त्रक्रिया सुचविली जाते. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात भारताशी नाते असलेले एक नाव आहे. सर पीटर फ्रेयर हे आयरिश शल्यचिकित्सक हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे होते. निवृत्तीनंतर लंडनमधील सेंट पीटर्स रुग्णालयात १९०० साली त्यांनी पोटावाटे ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया केली आणि ती पद्धत पुढे रूढ झाली. आज बहुतेकांना पोटावर छेद द्यावा लागत नाही. टीयूआरपी या पद्धतीत मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडून काढतात. होलेप या पद्धतीत तेच काम लेसरने होते. मोठ्या ग्रंथीसाठी ती उपयुक्त असते आणि तिच्यात रक्तस्राव कमी होतो. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे हा परिणाम पुष्कळांत होतो. तो आरोग्याला घातक नसतो, पण पतिपत्नींना आधी समजावून सांगितलेला बरा.

खर्चाचा विचार करताना आरोग्यविम्याची कागदपत्रे एकदा उघडून पाहावीत. अनेक पॉलिसींत मोतीबिंदू, हर्निया आणि सौम्य प्रोस्टेटवाढ यांसारख्या ठराविक विकारांना साधारणपणे २४ महिन्यांचा प्रतीक्षाकाल असतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार असा काल ३६ महिन्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. त्रास सुरू झाल्यावर पॉलिसी काढण्यापेक्षा पन्नाशीतच ती चालू ठेवणे आणि एकही नूतनीकरण न चुकविणे हिशेबाला धरून आहे. प्रस्तावात आजार लपविणे मात्र कधीही फायद्याचे नसते, कारण दावा नाकारण्याचे कारण आपणच लिहून दिल्यासारखे होते.

प्रश्न : प्रोस्टेटच्या उपचाराचा हृदयाशी काय संबंध?

संबंध चार ठिकाणी येतो. ही चार ठिकाणे घरातील प्रत्येकाने समजून घ्यावीत.

पहिले ठिकाण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे. ज्यांची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसविलेला आहे, त्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या दिलेल्या असतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव होईल म्हणून काही रुग्ण त्या स्वतःच बंद करतात. स्टेंट नवा असताना असे केल्यास त्यात गुठळी होऊन हृदयविकाराचा तीव्र झटका येऊ शकतो आणि त्यातून हृदय बंदही पडू शकते. घाई नसलेली शस्त्रक्रिया स्टेंटनंतर साधारणतः सहा महिने ते एक वर्ष पुढे ढकलतात. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवावी, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्ररोगतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावयाचे असते. तोपर्यंत औषधांवर किंवा आवश्यक तर नळीवर वेळ काढता येतो.

दुसरे ठिकाण टॅडालाफिल या औषधाचे. ते लैंगिक दुर्बलतेसाठी जसे देतात, तसेच कमी मात्रेत प्रोस्टेटच्या त्रासासाठीही देतात. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटसारखी गोळी या औषधाबरोबर घेतली, तर रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. हे औषध कोणी संकोचाने लपवून घेत असेल आणि छातीत दुखू लागल्यावर घरच्यांनी सद्‌हेतूने सॉर्बिट्रेट दिली, तर मदत करणारा हातच घातक ठरतो. संकोचाची किंमत येथे जिवाएवढी असू शकते.

तिसरे ठिकाण पेसमेकर किंवा आयसीडी या उपकरणांचे. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या विजेच्या उपकरणामुळे त्यांच्या कामात अडथळा येऊ शकतो. म्हणून ती बसविलेली आहेत, हे शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ यांना आधी सांगणे आवश्यक असते.

चौथे ठिकाण घरातीलच आहे. रात्री दोन-तीनदा उठणारा वृद्ध झोपेतून एकदम उभा राहतो, लघवीच्या वेळी रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊन तो पडतो. प्रोस्टेटची काही औषधे ही शक्यता वाढवितात. अंथरुणावर मिनिटभर बसून मग उठावे, बसून लघवी करावी आणि वाटेवर लहान दिवा ठेवावा. भोरसारख्या गावांत जुन्या वाड्यांचे शौचालय परसदारी असते. तेथे रात्री एकट्याने जाऊ नये आणि दाराला आतून कडी लावू नये.

प्रश्न : पडलेल्या माणसाला केवळ भोवळ आली आहे की हृदय बंद पडले आहे, हे कसे ओळखावे?

खांदे हलवून मोठ्याने हाक मारावी आणि दहा सेकंदांपेक्षा अधिक वेळ न घालविता श्वास पाहावा. भोवळ आलेला माणूस नीट श्वास घेत असतो आणि थोड्याच वेळात सावध होतो. हृदय बंद पडलेला माणूस प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास थांबलेला असतो किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड उघडतो तसे थांबून थांबून आचके येतात. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. ते पाहून श्वास चालू आहे असे समजणे ही फार मोठी फसगत असते.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे यांतही फरक आहे. झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. छातीत दुखते, घाम येतो, पण माणूस बहुधा बोलत असतो. हृदय बंद पडते तेव्हा त्याची विद्युतलय बिघडून रक्त पुढे ढकलणेच थांबते आणि माणूस तत्काळ बेशुद्ध होतो. झटक्यातून ही अवस्था उद्भवू शकते, म्हणून छातीत दुखत असलेल्या माणसाला दुचाकीवर बसवून नेऊ नये.

प्रश्न : भोर-वेल्ह्यासारख्या भागात रुग्णवाहिका येईपर्यंत काय करणार?

या प्रश्नाचा विचार अंतराच्या हिशेबाने करावा. पुण्यापासून भोर सुमारे ५० किलोमीटर आणि वेल्हे सुमारे ६० किलोमीटर. रस्ता कितीही मोकळा असला, तरी वेल्ह्याहून पुण्यास पोहोचायला दीड तासाच्या आसपास लागतोच. भोरला उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु तोरण्याच्या पायथ्याच्या किंवा भाटघर धरणाच्या काठच्या एखाद्या वाडीतून तेथे येण्यातही वेळ जातो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची विनामूल्य रुग्णवाहिका सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचविले आहेत. तरीही हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. छाती दाबली नाही आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. डोंगरी मुलुखात चार मिनिटांत पोहोचू शकेल अशी गाडी नाही. तेथे आधीच हजर असतात ते दुकानातील नोकर, शेजारचा दुकानदार, सून, नातू. पहिला उपचार त्यांच्याच हाती असतो.

प्रश्न : मग त्या हातांनी नेमके काय करावे?

१०८ लावण्यास एकाला सांगावे. कोणी नसेल तर मोबाइलचा स्पीकर चालू करून तो बाजूला ठेवावा. माणसाला उताणे, कठीण जमिनीवर घ्यावे. दुकानाच्या गादीवर किंवा पलंगावर छाती दाबली, तर दाब गादीत जिरतो. म्हणून खाली फरशीवर उतरवून घ्यावे. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळव्याचा मागचा भाग ठेवून त्यावर दुसरा हात ठेवावा. कोपर ताठ ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावे आणि छाती पूर्ण वर येऊ द्यावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन, हा वेग ठेवावा. दर दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. मदत येईपर्यंत किंवा माणूस हालचाल करू लागेपर्यंत थांबू नये.

एखादी बरगडी मोडेल, ही भीती पुष्कळांना वाटते. बरगडी मोडू शकते आणि ती पुढे जुळते. थांबलेल्या हृदयाला मात्र दुसरी संधी मिळत नाही. तोंडाने श्वास द्यावा लागतो म्हणून अनेक जण मागे राहतात. अप्रशिक्षित माणसाने केवळ छाती दाबली, तरी तिचा मोठा उपयोग होतो. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य नागरिकांसाठी आखलेली कॉल्स ही पद्धत केवळ छाती दाबण्यावरच आधारलेली आहे. एईडी हे विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र जवळ उपलब्ध असेल, तर ते ताबडतोब आणवावे. काय करावयाचे, ते यंत्र स्वतः बोलून सांगते.

प्रश्न : पाणी पाजणे, कांदा हुंगविणे किंवा जोराने खोकणे यांचा उपयोग होतो का?

नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, सॉर्बिट्रेट यांपैकी काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कांदा हुंगविण्यात मिनिटे जातात, एवढेच. एकटे असताना जोराने खोकत राहिल्यास हृदय चालू राहते, असा संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरत आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने सामान्य माणसासाठी हा उपाय मान्य केलेला नाही. छातीत दुखू लागल्यास खोकत न बसता दार उघडे ठेवून १०८ लावणे आणि शेजाऱ्याला हाक मारणे हेच करावे.

प्रश्न : इतके करून माणूस खरोखर वाचतो का?

सारे वाचत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाचलेली माणसे आपल्यासमोर आहेत. मराठी आणि हिंदी चित्रपटांतील अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरणानंतर अस्वस्थ वाटू लागले. पत्नी त्यांना मोटारीतून रुग्णालयात नेत असतानाच ते कोसळले. त्यांचे वय तेव्हा ४७ होते. हृदय सुमारे दहा मिनिटे बंद होते आणि छातीदाब व विजेच्या झटक्यांनी ते पुन्हा सुरू झाले, असे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली आणि पुढे ते कामावर परतले. २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन खेळता खेळता कोसळला. मैदानावरच छातीदाब आणि विजेचा झटका मिळाल्याने तो वाचला. त्याला आयसीडी बसविण्यात आले व काही महिन्यांत तो पुन्हा खेळू लागला. दोघांनाही वेळेवर उपचार मिळाले, कारण काय करावयाचे हे जाणणारे कोणीतरी त्या क्षणी समोर होते.

कोसळण्याआधीही काही सूचना मिळत असतात. चालताना छातीत जडपणा, कारण नसताना भोवळ, धाप आणि जवळच्या नात्यात तरुण वयात झालेला आकस्मिक मृत्यू यांकडे दुर्लक्ष करू नये. मधुमेह, रक्तदाब आणि तंबाखू ही नेहमीची कारणे आहेतच. हृदयाची पंप करण्याची क्षमता फार कमी झालेल्या काही रुग्णांना आयसीडी बसविण्याचा सल्ला दिला जातो. तो खर्चिक वाटला, तरी कारण समजून घेतल्याशिवाय नाकारू नये.

व्यापारी घरात स्थावर मालमत्तेचे कागद, उधारीची वही आणि विम्याच्या पावत्या एका जागी असतात. तशीच वडीलधाऱ्यांच्या आरोग्याची एक पानी नोंद असावी : चालू औषधांची नावे आणि मात्रा, स्टेंट किंवा पेसमेकर बसविल्याची तारीख, प्रोस्टेटवरील औषधे, ॲलर्जी, दोन डॉक्टरांचे दूरध्वनी आणि पॉलिसीचा क्रमांक. ज्या औषधाचा उल्लेख करण्यास संकोच वाटतो, ते त्या पानावर सर्वांत आधी लिहावे. एक प्रत घरी, एक दुकानाच्या गल्ल्यात आणि एक मुलाच्या मोबाइलमध्ये असावी. पश्चिमेकडील वाड्यांत सर्वत्र रेंज मिळतेच असे नाही, म्हणून कागदाची प्रत आवश्यक.

छाती दाबण्याचे शिक्षण तासा-दोन तासांत मिळते. पुतळ्यावर एकदा हात बसला की भीती निघून जाते. गावातील डॉक्टर, तालुक्याचे रुग्णालय किंवा पुण्यातील भूलतज्ज्ञ यांना विनंती करून भोरच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद असण्याच्या एखाद्या दिवशी असा वर्ग घ्यावा आणि त्यात नोकरांना व घरातील स्त्रियांना अवश्य बसवावे. त्याच दिवशी डॉक्टरांकडून ज्येष्ठांची ती सात प्रश्नांची गुणपत्रिकाही भरून घेता येईल.